आईची मुलाखत प्रणालीने घेतली

आमच्या घरात मराठी दोन प्रकारची होती. एक बोलायची आणि एक छापायची. बोलायच्या मराठीत पप्पा आईला "डबा भरला का गं?" एवढंच विचारायचे, छापायच्या मराठीत तेच पप्पा संबंधित प्रशासनाला जाहीर सवाल करायचे. मी छापायच्या मराठीत वाढले. पप्पा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात लेथवर होते आणि कामावरून आले की आमच्या कळव्याच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी. मी नववीत असताना गटारावरची लादी फुटून एक म्हातारी पडली, तेव्हा पप्पांचा हात प्लास्टरमध्ये होता. ते म्हणाले, "सुजे, तू लिही, मी सांगतो." मी लिहायला बसले आणि तिसऱ्या ओळीपासून त्यांनी सांगायचं सोडलं, नुसते ऐकत राहिले. त्या दिवसापासून चाळीची सगळी पत्रकं माझी. पाणी, गटार, जिन्यातले दिवे, टाकीतलं मेलेलं कबूतर. टेंभी नाक्यावर नवरात्रातल्या गर्दीत मी स्वतः पत्रकं वाटलेली आहेत, आणि लोकांनी ती खिशात घातली की टाकली ते मागे वळून मोजलेलं आहे.

पत्रकाचे नियम मला कुणी शिकवले नव्हते, तरी पाठ होते. साठ कुटुंबं असली तर "शेकडो कुटुंबे" लिहायचं. कुणाला विचारत बसायचं नाही, कारण सगळ्यांचं म्हणणं तेच असतं. खाली कुणा एकाचं नाव नाही, "समस्त रहिवासी". आणि छापून आलं की घडी घालायला अख्खं घर चटईवर बसायचं. कागदाच्या तीन घड्या, अंगठ्याने दाबून. त्याआधी पप्पा एकदा मोठ्याने वाचून दाखवायचे, मग कुणी वाचायचं नाही, नुसते हात चालायचे. स्टोव्हवर सुकटीचा वास, शेजारच्या खोलीतून कुकरच्या शिट्ट्या, आणि कागदाचा सर्र सर्र आवाज. आईचा हात सगळ्यात जलद. तीही वागळे इस्टेटमध्येच, औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या युनिटमध्ये होती. कागद सरळ बसवणं हेच तिचं काम. आम्ही बोलायचो, ती घड्या घालायची. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. आज मी बत्तीस वर्षांची आहे. या वयात आत्मकथन लिहिणाऱ्यांचा मला राग येतो, पण हे एक प्रकरण लिहून टाकल्याशिवाय मला दुसरं काही नीट लिहिता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

ठाण्यातल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला लेखनकौशल्याचा पेपर होता. अर्ध्या वर्षात वादनिबंध, उरलेल्या अर्ध्यात संशोधन निबंध. शिकवायला सबनीस मॅडम. बारीक, सुती साडी, आवाज कधी चढायचा नाही. मी पहिल्याच तासाला ठरवून टाकलं की हा पेपर माझा. बाकीच्या पोरी "मला असे वाटते की" लिहीत असताना मी हजार हजार प्रती छापल्या होत्या. पहिला निबंध मी पाण्यावर लिहिला. एका बैठकीत, पाच पानं, एकही खाडाखोड नाही. मॅडमनी तो परत दिला तेव्हा शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं: "पत्रक उत्तम. निबंध नाही. समोरच्याची बाजू कुठे आहे?"

मी वर्गातच उभी राहिले. "मॅडम, समोरच्याला बाजूच नाहीये."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "मग तू वाद कुणाशी घालते आहेस, सुजाता? ज्याला बाजूच नाही त्याच्याशी? समोरच्याची बाजू इतकी चांगली मांड, की वाचताना क्षणभर तुलाच ती पटली पाहिजे. मग तिला उत्तर दे."

"म्हणजे त्यांची वकिली पण आम्हीच करायची?" मी म्हटलं. याला पोरांनी बाकं वाजवली. मी खूश होऊन खाली बसले. मग मॅडमनी दुसरा एक निबंध वाचायला घेतला.

तो प्रणालीचा होता. प्रणाली डोंबिवलीपलीकडच्या एका गावची. गाव म्हणायचं इतकंच, आता सगळीकडे टॉवर. घरचे मूळचे भातशेती आणि मिठागरवाले, जमिनी गेल्या तसे बंगले आले. ती स्कूटीवरून यायची, गळ्यात जाडसर सोन्याची चेन, मागच्या बाकावर बसायची आणि वर्गात तोंड उघडायची नाही. मधल्या सुट्टीत घरी फोन लावून मात्र मोकळ्या आवाजात म्हणायची, "आई, जेवलीस कं गो?" आमच्या ग्रुपमध्ये तिची नक्कल चालायची. सुरुवात मीच केलेली.

तिने लिहिलं होतं की तिच्या घरच्यांनी जमीन विकली ते चूक नव्हतं. आणि पहिली दोन पानं तिने दिली होती तिच्या आजीला, जी विक्रीच्या विरोधात होती. आजी मिठाच्या पाट्या वाहायची, तिच्या टाळूवर केस उगवत नाहीत, आणि तरीही ती म्हणते जमीन ठेवायला हवी होती, का, ते सगळं. शेवटी प्रणालीने आजीला उत्तर दिलं होतं, हळूच, जवळजवळ माफी मागत. मॅडमनी कागद खाली ठेवला तेव्हा वर्गात कुणी बाक वाजवलं नाही. कुणी काहीच केलं नाही. ती शांतता मला हवी होती. माझ्या कुठल्याच पत्रकाला ती कधी मिळाली नव्हती.

मी जळले. याला मोठा शब्द शोधायची गरज नाही. बंगल्यातली पोरगी, जिला आयुष्यात कधी हंडा घेऊन रांगेत उभं राहावं लागलं नाही, ती शब्द वापरणार आणि लोक गप्प होणार, हे मला अन्याय वाटत होतं. खरोखरचा, पत्रक काढण्याजोगा अन्याय. तिला छान म्हणायला गेले आणि म्हटलं, "मस्त आहे गं, पण जरा रडकं नाही वाटत?" ती म्हणाली, "हो ना, मला पण वाटलं." खोटं नव्हती बोलत. त्याने मी अजून जळले.

संशोधन निबंधाचा विषय मॅडमनी सगळ्यांना एकच दिला: आपल्या आसपासचं एक काम. किमान आठ माणसांच्या मुलाखती, मुलाखतींची वही ठेवायची, मागितली की दाखवायची, आणि वर्गातला एकच निबंध कॉलेजच्या परिसंवादात वाचला जाणार. बाहेरची माणसं येणार होती, कामगारांवर लिहिणारी, बोलणारी. तिथे उभं राहून वाचायचं होतं मला. दुसरं काहीही नको होतं त्या वर्षी. विषय तर घरातच होता, आईचं युनिट. मी परत एका बैठकीत लिहिला. "नऊ महिला कामगारांशी संवाद साधला असता" अशी सुरुवात केली आणि नऊजणींची निवेदनं लिहून काढली. एकीशीही बोलले नव्हते. तुम्हाला धक्का बसेल, पण मला त्यात खोटं वाटलंच नाही. मी त्याच बायकांत वाढलेली, त्यांच्या हळदीकुंकवाला नाही तरी बारशांना, जयंतीच्या मिरवणुकीला गेलेली. त्या काय म्हणणार ते मला माहीत होतं. पत्रकात आम्ही तेच करायचो. लोकांच्या वतीने बोलणं याला तर चळवळ म्हणतात, असं मी समजत होते.

प्रणाली त्या काळात एकदा आमच्या घरी आलेली, माझ्या नोट्स घ्यायला. आईने तिला बसवलं, वांगं-सुकट आणि भाकरी वाढली. प्रणालीने सुकट निवडण्यावरून काहीतरी विचारलं आणि दोघी डोकी, शेपट्या, कुठल्या बाजारात वाळू कमी येते यावर बोलत बसल्या. मी नोट्स शोधत होते. मला आठवतं, आई हसत होती. मी तेव्हा एवढंच मनात आणलं, ही इथे पण जागा करून बसली.

इस्टेटीला सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी आई घरी असायची, पप्पा वॉर्ड ऑफिसात खेटे घालायला जायचे आणि कॉलेज सुटलं की मी तिथेच जायचे. शुक्रवारी प्रणाली लेक्चरला नसायची. मला वाटायचं, असेल कुठे मॉलमध्ये.

मॅडमनी दोन निबंध निवडले, तिचा आणि माझा, आणि वर्गात दोन्हींतले उतारे वाचले. माझ्यावर पोरांनी टाळ्या दिल्या. मग त्यांनी तिचा घेतला. "लताबाई, वय अठ्ठेचाळीस, राहणार कळवा." मी मान वर केली. लता माझ्या आईचं नाव. "बाथरूमची चावी सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये असते. ती मागायला पुरुषांच्या टेबलांमधून जावं लागतं. म्हणून लताबाई सकाळी सातपासून काम सुटेपर्यंत पाणी पीत नाहीत. तीनला सुपरवायझर चहाला खाली जातो, ड्रॉवर उघडा राहतो. युनिटमधल्या तेवीसजणी तेव्हाच जातात. 'पण काम मला आवडतं,' असं लताबाई सांगतात. 'लेबल सरळ बसलं की बरं वाटतं. घरात सगळे मोठमोठं बोलतात. इथे निदान सुपरवायझर मला विचारतो, लताबाई, बरोबर बसलंय का?'"

आई कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी उभ्यानेच दोन तांबे पाणी प्यायची. रोज. माझ्या जन्मापासून मी ते बघितलेलं. मला वाटायचं, उन्हातून येते म्हणून.

माझ्या निबंधात "अमानुष शोषण" पाच ठिकाणी होतं. चावी कुठेच नव्हती.

मॅडम म्हणाल्या, सोमवारी दोघींनी मुलाखतींच्या वह्या आणा, मग ठरवू. मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. माझी आई! माझ्या घरात बसून, माझ्या घरची सुकट खाऊन, माझ्या आईला हिने उचलून नेलं होतं. वही माझ्याकडे नव्हतीच, पण दुसरं हत्यार होतं. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. "जाहीर सवाल! आमच्या आयांचं दुःख विकून मार्क कोण कमावतंय? बंगल्यात राहून कामगार बाईच्या अश्रूंवर निबंध लिहिणाऱ्यांनी आमच्या आयांची परवानगी घेतली होती का? आमच्या आया संशोधनाचा माल नाहीत!" खाली "समस्त कामगार महिलांच्या मुली." नाव घेतलं नव्हतं, घ्यायची गरजही नव्हती. अख्ख्या कॉलेजला कळलं असतं. भाषा मात्र, आजही सांगते, फार चांगली जमली होती.

शुक्रवारी दुपारी गठ्ठा घेऊन घरी आले. पप्पा नेमके घरी होते. नेहमीसारखी चटई पसरली. पप्पा म्हणाले, "वाच की आधी." मी म्हटलं, "कॉलेजचं आहे, पप्पा. तुम्हाला नाही कळायचं." घड्या सुरू झाल्या. आई समोर बसली होती, हात चालू होते. अर्धा गठ्ठा झाला असेल. मग तिने एक कागद घेतला आणि घडी न घालता डोळ्यांपासून लांब धरला. ती सावकाश वाचते, ओठ हलवत. पप्पांचेही हात थांबले.

"हे प्रणालीबद्दल आहे का?" आईने विचारलं.

"कुणाबद्दल पण असू दे."

"समस्त मुली म्हणजे कितीजणी गं तुम्ही?"

मी पुढचा कागद ओढून घडी घालायला घेतला.

"परवानगी घेतली होती का, असं लिहिलंयस. घेतलेली. दोनदा विचारलं तिने. नाव घालू का, बदलू का, ते पण विचारलं. मी म्हटलं, घाल, माझं नाव काय वाईट आहे? लिहून झाल्यावर वाचून दाखवलं इथे बसून. एक ओळ मी खोडायला लावली."

"कुठली ओळ?"

"खोडली ना? मग तुला कशाला सांगू?"

पप्पा म्हणाले, "भाषा कडक झालीये पण, सुजे." आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. आवाज चढला होता. "चावीचं? पाण्याचं? आपण पत्रक काढलं असतं!"

"तू विचारलंस कधी? तू घरात येतेस ती सांगत सांगतच येतेस. तुझे पप्पा पण तसेच. मी म्हटलं, बिझी माणसं आहेत, करू दे." तिने कागदाला घडी घातली, अंगठा फिरवला आणि गठ्ठ्यावर ठेवला. "तुझ्या निबंधात मी आहे का?"

"आहेस."

"वाच."

मी वाचलं. माझ्यापाशी दुसरा उपाय नव्हता. "'आमच्या घामाचा हिशोब आम्ही घेतल्याशिवाय राहणार नाही! आता माघार नाही!' लता, कामगार."

आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "असं कोण बोलतं गं? हे तर तुझे पप्पा बोलतात!" मग पप्पाही हसले. ती चिडली असती तर मी भांडले असते. तिचं हसणं मात्र सहन झालं नाही. ती उठली, चहा टाकला आणि स्टोव्हकडे तोंड करून म्हणाली, "वाटायचं तर वाट. मी अर्ध्या घातल्यात घड्या. बाकीच्या तू घाल. फक्त त्या पोरीला जेवायला मीच बोलावलेलं, तेवढं खाली लिही."

मी वाटलं नाही. हा मोठेपणा नव्हता. दुसऱ्या दिवशी वाटायला गेले असते तर कॉलेजात कुणीतरी विचारलं असतं, लताबाई काय म्हणतात यावर, आणि आता मला ते माहीत होतं.

सोमवारी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं, वही नाहीये. "राहिली घरी?" "नाही. मुलाखतीच घेतल्या नाहीत." मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "नऊपैकी एकही नाही?" "नाही." "मला शंका आली होती," त्या म्हणाल्या. "नऊ बायका आणि नऊही जणी एकाच आवाजात बोलतात. मी म्हटलं, ही सगळी सुजाताच दिसते." त्यांनी मला पंधरा दिवस दिले, पास होण्यापुरते. परिसंवाद गेला.

परिसंवादाला प्रणालीने आईला बोलावलं होतं. आई सुट्टी टाकून आली, मोरपिशी साडीत, पहिल्या रांगेत बसली. मी मागे, पंख्याखाली. प्रणाली वाईट वाचते. मान खाली, आवाज माइकपर्यंत पोचत नाही, पान उलटताना थांबते. तो निबंध मी वाचला असता तर छत उडालं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं आणि अजूनही वाटतं. लोक पुढे वाकून ऐकत होते. शेवटी कुणीतरी विचारलं, लताबाईंशी बोलता येईल का, तर आई आपली आपण उभी राहिली. "मीच," ती म्हणाली. आणि सांगायला लागली. मी तिला इतकी वाक्यं एका दमात बोलताना पहिल्यांदा ऐकलं, भरलेल्या हॉलमध्ये, मागच्या रांगेतून.

पंधरा दिवसांत मी आठजणींकडे गेले. पहिल्या दोघींनी मला तेच सांगितलं जे मी लिहिलं होतं. त्यांना वाटलं मला तेच हवंय. तिसरीकडे मी गप्प बसायला शिकले. फार त्रास झाला. पुढे चावीचं पत्रक निघालं. चार ओळींचं, उद्गारचिन्ह एकही नाही, खाली तेवीस नावं, प्रत्येकीला विचारून घातलेली. दोघींनी आधी नको म्हटलं, मग हो म्हटलं, त्यात आठवडा गेला. चावी ड्रॉवरमधून निघून पाण्याच्या पिंपाशेजारच्या खिळ्यावर आली. मी केलेल्या कामात ते सगळ्यात चांगलं काम आहे आणि ते प्रणालीच्या एका परिच्छेदावर उभं आहे. कुणी विचारलं तर मी सांगते. कुणी विचारलं नाही तर सांगत नाही, हेही लिहून ठेवते.

आता माझं कामच ते आहे, वस्त्यावस्त्यांत जाऊन लोकांचं ऐकून घेणं. नवीन पोरं माझ्याकडे शिकायला येतात. सुजाताताईंसमोर माणूस मोकळं होतं, असं म्हणतात. असेल. आईचं युनिट कधीच सुटलं, गुडघे गेलेत, पप्पाही आता पत्रकं काढत नाहीत, नुसते पेपरवर पेनाने खुणा करतात. प्रणाली कल्याणला एका शाळेत शिकवते. आम्ही मैत्रिणी झालो असं म्हणता येत नाही. भेटलो तर बरं बोलतो. पण दर शुक्रवारी दुपारी तिचा आईला फोन येतो. मागच्या शुक्रवारी मी घरी होते. आई पलंगावर बसून बोलत होती, मधे थांबून ऐकत होती, मग हळू आवाजात बराच वेळ काहीतरी सांगत होती. गुडघ्यांचं नव्हतं. मी चहाचा कप घेऊन दारात उभी राहिले. आईने फोन कानापासून न काढताच माझ्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली, दार ओढून घे.